मुंबईचा ‘शेख’, शेवगावचा ‘तांबोळी’ : आपल्या घराण्याचा माग कसा काढायचा?

शेवगाव तालुक्यातून मुंबई-पुण्याला गेलेल्या आपल्या घरांमध्ये एक प्रश्न दरवर्षी निकालाच्या मोसमात हमखास निघतो. मुलगी बारावी होते, चांगल्या कॉलेजात नंबर लागायची आशा असते, आणि अर्जात ओबीसीचा रकाना येतो. घरात सगळ्यांना ठाऊक असतं की आपण तांबोळी. कुणी बागवान, कुणी अत्तार, कुणी पिंजारी, कुणी मणियार. पण अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं आणि आडनावाच्या जागी ‘शेख’. दादांचा तर दाखलाच नाही. मग जातीचं प्रमाणपत्र आणि पुढे वैधता कशाच्या जोरावर मिळणार?

हे ‘शेख’ आलं कुठून, ते आधी बघू. गावात माणूस ‘शेख चाँद वल्द शेख इमाम’ असा लिहिला जायचा. शेख हे नावाच्या पुढे लावायचं, धंद्याचं नाव वेगळं. गावाला दोन्ही माहीत. शहरात आल्यावर गिरणीच्या, गोदीच्या किंवा रेशनच्या कारकुनानं आडनाव विचारलं, आणि नावातला ‘शेख’ उचलून शेवटी टाकला. धंदा राहिला गावात. पुढच्या पिढीला तो फक्त लग्न जमवताना आठवायचा. एका शब्दाच्या या हालचालीनं हजारो घरांचा माग तुटला, असं म्हटलं तरी चालेल. सुदैवानं माग पूर्ण पुसलेला नसतो. तो दोन ठिकाणी असतो, थोडा मुंबईत आणि थोडा शेवगावात, आणि जोडायचा आपल्यालाच असतो.

कायद्याची एक गोष्ट पहिल्यांदाच डोक्यात घट्ट बसवा. ओबीसीसाठी मानीव तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी ती २१ नोव्हेंबर १९६१ आहे, म्हणजे आपल्यातल्या छप्परबंदांना ही तारीख लागू. या तारखेच्या आधीचा, घराण्यातल्या पुरुषाच्या बाजूचा कागद असेल तर त्याचं वजन मोठं. आणि त्या तारखेला कुटुंबाचं कायम राहणं जिथं होतं, तिथल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. म्हणजे १९६७ साली दादा शेवगावात होते की नागपाड्यात, हा नुसता घरातल्या गप्पांचा विषय राहत नाही. अर्ज कुठं टाकायचा ते त्यावर ठरतं. चुलता, चुलतभाऊ अशा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच वैधता मिळाली असेल, तर निम्मं काम झालंच समजा. म्हणून कागद शोधायच्या आधी नातेवाईक शोधा.

सुरुवात मुंबईच्या पेटीपासून

बरेच लोक उत्साहात पहिली गाडी पकडून शेवगावला येतात, तहसीलमध्ये ‘आमच्या आजोबांची नोंद द्या’ म्हणतात आणि हात हलवत परत जातात. कोणतं गाव, कोणतं नाव, अंदाजे कोणतं साल, हे सांगता आलं नाही तर रेकॉर्ड रूमचा माणूस तरी काय काढणार? ही तीन उत्तरं बहुतेक वेळा मुंबईतच असतात.

जवळजवळ प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी किंवा प्लास्टिकची पिशवी असते. झोपडपट्टीत राहिलेल्या कुटुंबांनी तर कागद जिवापाड जपलेले असतात, कारण घराचा हक्क त्यावरच होता. १९७६ साली सरकारनं मुंबईतल्या झोपड्यांची गणना केली आणि फोटोपास दिले. त्यावर कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं, जागा, सगळं असतं. त्याच वर्षी ट्रॉम्बेची जनता कॉलनी उठवून लोकांना चीता कॅम्पला नेलं. अशा घरांकडे तर हलवल्याचेही कागद सापडतात. चाळीत राहिलेल्यांकडे भाड्याच्या पावत्या. गिरणीत होते त्यांची तिकिटं, फंडाच्या स्लिपा. गोदीत किंवा रेल्वेत होते त्यांचं सर्व्हिस बुक, आणि त्यात मूळ गावाचा पत्ता लिहायची पद्धत होती. सर्व्हिस बुकात ‘मु. पो. अमुक, ता. शेवगाव, जि. अहमदनगर’ ही एक ओळ मिळाली तर पुढचे सहा महिने वाचतात.

निकाहनामा मात्र सगळ्यांत कमी वापरला जाणारा आणि सगळ्यांत बोलका कागद आहे. दुल्हा-दुल्हनच्या वडिलांची नावं आणि राहण्याचं ठिकाण तर त्यात असतंच. पण खरी नजर टाकायची ती वकील आणि दोन गवाहांवर. हे बहुतेक मामू, चाचा, फुप्पा असतात. दादांच्या निकाहचा गवाह ‘अमुक तांबोळी, रा. बोधेगाव’ असा सापडला, तर दुसऱ्या एका घराचा पत्ता हातात आला. घरातली प्रत हरवली असेल तर ज्या काझींच्या दप्तरात निकाह झाला तिथं विचारावं. काझ्यांच्या नेमणुकीचा कायदा १८८० चा आहे आणि जुन्या काझी घराण्यांनी रजिस्टरं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली आहेत. नोंद उर्दूत असेल, तारीख हिजरी असेल. त्याला घाबरायचं कारण नाही.

मय्यतीच्या नोंदीचंही तसंच. मुंबईत जागेची टंचाई, त्यामुळे मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तान असो की नारियलवाडी, कबरी पुन्हा वापरल्या जातात. दादांची कबर दाखवायला गेलात तर तिथं दुसरंच कुणी असेल. पण कब्रस्तानच्या ट्रस्टकडे रजिस्टर असतं आणि त्याला जोडून महापालिकेची मृत्यूची नोंद असते. ही नोंद शोधताना लोक एक गोष्ट विसरतात. मृत्यू जिथं झाला त्या वॉर्डात नोंद होते, माणूस राहायचा त्या वॉर्डात नाही. कुर्ल्याचा माणूस जे. जे. रुग्णालयात वारला असेल तर नोंद कुर्ल्याच्या एल वॉर्डात सापडणार नाही, भायखळ्याच्या ई वॉर्डात बघावी लागेल. आणि उपनगरं मुंबई महापालिकेत आली ती १९५० साली. त्याआधी कुर्ल्याची नगरपालिका वेगळी होती, हेही ध्यानात असू द्या.

पत्त्यांचा घोळ वेगळाच. जुन्या कागदावर बेलासिस रोड असेल, तर आजच्या नकाशात तो जहांगीर बोमन बेहराम मार्ग आहे. ग्रँट रोड म्हणजे आजचा मौलाना शौकत अली रोड. भेंडी बाजारात तर अख्ख्या इमारती पाडून नवे मनोरे उभे राहताहेत, त्यामुळे ‘खोली नंबर १४, दुसरा माळा’ अशी जागाच आता दाखवता येत नाही. मोहल्ल्याची जुनी माहिती हवी असेल तर एडवर्ड्‌सचं ‘मुंबई शहर आणि बेट’ यावरचं तीन खंडांचं गॅझेटियर (१९०९-१०) बघा. इंग्रजी आहे, पण मोहल्ल्यांची नावं, वस्त्या, धंदे यांचं बारीक वर्णन आहे. सीएसएमटीसमोर अंजुमन-ए-इस्लाममध्ये करीमी लायब्ररी आहे. उर्दू वाचणाऱ्यांनी तिथं जरूर चक्कर मारावी.

एक कागद सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही तो म्हणजे हजचा. १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजानं हज व्हायचा. खानदानात कुणी जहाजानं गेलं असेल तर त्यांचा पिलग्रिम पास शोधा. वडिलांचं नाव, गाव, वय आणि नशीब असेल तर फोटोसुद्धा मिळून जातो. हा कागद लोक टाकून देत नाहीत, बरकत म्हणून कुराण शरीफच्या जुजदानात ठेवतात.

दादीला आधी विचारा

कागदांची यादी लांबलचक झाली, पण आधी फोन काढा आणि घरातल्या वयस्कर बायकांचं बोलणं रेकॉर्ड करा. पुरुषांना जमीन आठवते, बायकांना नाती आठवतात. कुणाची माँ कोणत्या गावची, कोणाचं दुसरं लग्न झालं, कोणता चाचा दुष्काळात निघून गेला तो परत आलाच नाही, हे सगळं फुप्पी आणि खालाच सांगतील. विचारताना ‘आपली जात कोणती’ असं थेट विचारू नका. बऱ्याच बुजुर्गांना तो प्रश्नच आवडत नाही. ‘इस्लाममध्ये जात कुठं असते?’ म्हणतील, आणि दीनाच्या हिशोबानं त्यांचं बरोबरच आहे. त्यापेक्षा ‘दादा बाजारात काय विकायचे? शेवगावच्या बाजारात आपलं दुकान कुठं लागायचं?’ असं विचारा. पान, बांगडी, अत्तर, फळं, कापूस पिंजणं… उत्तर आपोआप येतं.

माणसांची हाक मारायची नावंही लिहून घ्या. कागदावर ‘अब्दुल रज्जाक’ असेल आणि गाव त्याला ‘बाबूभाई’ म्हणत असेल, तर तलाठ्याच्या जुन्या वहीत तो ‘बाबू’ म्हणूनच बसलेला असण्याची शक्यता जास्त.

शेवगावच्या दप्तरात काय आहे

आता गावाकडे येऊ. आणि आल्याबरोबर एक खुलासा. ब्रिटिश काळात अहमदनगर जिल्ह्यात पाथर्डी हा स्वतंत्र तालुका नव्हता, पाथर्डी शेवगाव तालुक्यात होतं. त्यामुळे जुन्या कागदावर ‘तालुका शेवगाव’ दिसलं म्हणून गाव आजच्या शेवगाव तालुक्यातच असेल असं धरू नका. उलट, तुमचं गाव आज पाथर्डी तालुक्यात असेल तर जुनी नोंद शेवगावच्या नावावर निघू शकते. जिल्ह्याचं नावही आता अहिल्यानगर झालं आहे. जुने दाखले अहमदनगर म्हणतात, ती तफावत मानली जात नाही, काळजी नको.

सगळ्यांत आधी शाळा. गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीज, हा वैधतेच्या कामात फार मोलाचा पुरावा. दादा शाळेत गेले नसतील तर त्यांचा भाऊ गेला असेल, चुलता गेला असेल. एकाचा दाखला सापडला तरी वंशावळीनं सगळ्यांना उपयोगी पडतो. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा, रजिस्टरच्या मूळ पानाची प्रतही मागा. नुसता दाखला पुरत नाही, कारण समिती मूळ नोंद तपासते. जन्मतारीख १ जून असेल तर हसू नका. त्या पिढीतल्या निम्म्या गावाला गुरुजींनी तीच तारीख दिलेली आहे.

दुसरं, गाव नमुना १४, ज्याला जुने लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूची ही नोंद तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. मूल जन्मलं की बऱ्याचदा नाव ठेवायच्या आधीच नोंद व्हायची. त्यामुळे बाळाचं नाव कोरं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, पण बापाचं नाव आणि जात लिहिलेली. इथंच ‘तांबोळी’, ‘पिंजारी’, ‘मुलाणी’ हे शब्द सापडतात. शाळेच्या गुरुजीनं ‘मुसलमान’ लिहिलं, पण पाटील-कुलकर्ण्यानं माणूस धंद्यानं ओळखला, म्हणून त्याच्या वहीत धंदा राहिला. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभर हीच दप्तरं बाहेर काढली गेली, धूळ झटकली गेली, कित्येक पानं स्कॅन झाली. शोध कुणबी नोंदींचा होता, पण त्याच पानांवर खाली-वर आपल्याही ओळी असू शकतात. ती पानं बघायला कुणाची मनाई नाही.

अडचण एकच. साधारण १९५० पर्यंतचे पुष्कळ कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारे जाणकार भेटतात. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख खातं यांच्याकडे चौकशी केली तर मार्ग निघतो. गंमत अशी, की मोडी कागदांतली भाषा आपल्या घरात ओळखीची वाटेल. बापाचं नाव सांगायला ‘बिन’ किंवा ‘वल्द’, बायको म्हणून ‘कोम’. हे शब्द हिंदू शेतकऱ्यांच्या नावांतही सर्रास दिसतात. पेशवाईतले कागद तर साल अरबी आकड्यांत लिहितात. ‘समान अशरीन मया व अलफ’ असं दिसलं तर ज्यांनी मदरशात अरबी गिनती पाठ केली ते पोरगंही सांगेल : आठ, वीस, शंभर, हजार. म्हणजे ११२८. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की इसवी सन येतो, इथं १७२७-२८. आणि हे साल मुद्दाम निवडलं आहे. ६ मार्च १७२८ ला पालखेडच्या मोहिमेनंतर पहिला बाजीराव आणि निजाम यांच्यात तह झाला, तो इतिहासात मुंगी-शेवगावचा तह म्हणूनच ओळखला जातो. मुंगी आपल्याच तालुक्यात, गोदाकाठी. मुंबईत वाढलेल्या मुलांना हे सांगितलं की ‘आपलं गाव कुठंतरी नगरकडे आहे’ एवढ्यावर गाडी थांबत नाही.

जमीन असो वा नसो, फेरफार बघाच. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. कुणी वारलं की वारसांची नोंद व्हायची आणि तिथं एका ओळीत सगळं खानदान सापडतं. बहिणींची नावंसुद्धा, अर्थात लिहिली असतील तर. शरीयतनं बहिणीला हिस्सा दिला, पण कित्येक फेरफारांत तिचं नाव नाही किंवा ‘हक्क सोडला’ एवढंच आहे. वंश शोधायला बसलेल्यांच्या हाती हेही लागतं, आणि ते बघून मान खाली घालावी लागते. अशी नोंद सापडली तर दडपू नये.

घराण्यात मुलाणी, मुजावर, काझी, इनामदार असं काही असेल तर गाव नमुना ३ मागा, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही. मुलाणा हा गावगाड्यातला माणूस होता, हलाल करणं आणि मशिदीची खिदमत हे त्याचं काम. त्याबद्दल त्याला गावाकडून धान्य, कुठं कुठं जमीन. मशीद-दर्ग्याच्या खिदमतीसाठी दिलेल्या अशा इनामांच्या चौकशीचे जुने कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्या इमारतीत, आणि काही मुंबईला काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात आहेत. वक्फच्या जमिनींची नोंद सध्या सगळीकडे तपासली जाते आहे, तेव्हा असा कागद घरात असेल तर तो जमातीच्या जबाबदार लोकांना दाखवलाच पाहिजे. तो एका घराचा राहत नाही.

काय करू नये

नेटवर पैसे घेऊन ‘शजरा’ बनवून देणारे भेटतात. चार दिवसांत तुमचं घराणं अरबस्तान, नाहीतर तुर्कस्तानात नेऊन पोचवतात. सय्यद घराण्यांकडे खरे जुने शजरे असतात, त्यांचा मान आहेच. पण बाजारू शजऱ्याला समितीपुढे काडीची किंमत नाही, आणि पुढे तो तुमच्याच वंशावळीविरुद्ध वापरला जाईल. तहसीलच्या बाहेर उभा असलेला ‘नोंद काढून देतो’ म्हणणारा त्याहून धोक्याचा. खाडाखोड केलेली एक नोंद सापडली की अर्ज तर जातोच, शिवाय गुन्हा दाखल होतो, आणि नंतर येणाऱ्या खऱ्या अर्जदारांकडेही संशयानं बघितलं जातं. २०२५ मध्ये उशिराच्या जन्मनोंदींची प्रक्रिया राज्यात कडक झाली, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. नक्कल मिळवायला दलाल लागत नाही. साधा अर्ज करा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, पानामागे दोन रुपये. नोंद खरोखरच नसेल तर ‘नोंद आढळत नाही’ असं लेखी घ्या, तोही पुढे उपयोगाचा कागद आहे. राज्याच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर पुष्कळ जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन करून ठेवले आहेत, गाडीभाडं खर्च करायच्या आधी तिथं बघा.

नावातला फरक मात्र लपवू नका. चाँद, चांद, चांदभाई, शेख चाँद हा एकच माणूस आहे हे प्रतिज्ञापत्रात सरळ लिहून द्या आणि प्रत्येक नावाचा कागद जोडा.

नदीपलीकडचे कागद

शेवगाव तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे. जायकवाडी झालं तेव्हा काठची गावं पाण्याखाली गेली, लोक नव्या गावठाणात आले. जुनी मशीद, जुनं कब्रस्तान नाथसागरात. अशा गावच्या लोकांनी भूसंपादनाचा निवाडा मागावा. कुणाचं घर, कुणाची विहीर, कुणाचं झाड, किती मोबदला, हे त्यात नावानिशी असतं. पाण्याखाली गेलेल्या गावाची माणसं कागदावर जमलेली बघायची ही एवढीच जागा.

आणि नदीच्या पलीकडे पैठण. १९४८ पर्यंत तो निजामाचा मुलूख, इकडे इंग्रजांचा. सरहद्द होती, पण रिश्ते चालूच होते. नानी पैठणची, बहू शेवगावची, हे घरोघर दिसेल. त्यामुळे आईच्या बाजूचा शोध नदी ओलांडून जातो आणि तिथं सगळंच बदलतं. महसुलाचे कागद उर्दूत, इनामाच्या कागदाला ‘मुंतखब’ म्हणतात, साल फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३४७ फसली हे १९३७-३८. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रकही बघण्यासारखं आहे. पैठणच्या रेकॉर्ड रूममध्ये जाताना एक तयारी मात्र करून जा. तिथल्या कारकुनाला उर्दू येत असेल याचा भरवसा नाही आणि आपल्या इंग्रजी शाळेतल्या नातवालाही येत नाही. दादीला किंवा नानीला येत असेल, तर चष्मा घेऊन तिलाच सोबत न्या.